पंचांसमोर उघडलेले दोन ड्रम

ती घटना आठवली की मला अजून हसू येतं आणि हसून झालं की थोडी लाजही वाटते. हिंगोली जिल्हा नवा झाला होता. मी तिथल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

ऐन लग्नसराईत औंढ्याचे एक बँडमास्तर सकाळीच ठाण्यात आले.

"साहेब, माझ्या बापाचा ड्रम चोरीला गेला."

"कुठून?"

"घरून. म्हंजे घरी ड्रम हाये, पण त्यो माझा न्हाई. असली नेला, नकली ठेवला."

आदल्या दिवशी एका वरातीत कुरुंद्याच्या बँडमास्तरांच्या ड्रमला त्यांनी पोचा आलेलं पितळी कडं पाहिलं. तो पोचा त्यांच्या बापाच्या ड्रमचा. घरी येऊन बघतात, तर आपल्या कड्याला पोचाच नाही.

"इतके दिवस दिसलं नाही?"

"लग्नसराईत ड्रम बघतो कोण, साहेब? वाजवतो."

कुरुंद्याच्या मास्तरांना बोलावून घेतलं. साठीचा, पापभीरू माणूस. ड्रम सासऱ्यांनी दिलेला, एवढंच ते सांगत राहिले. मी दरडावलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "लेकीचं लग्न आठ दिवसांवर हाये. अटक झाली तर पाव्हणे सोयरीक मोडतील. मी काहून चोरू?" चोरही असंच बोलतात, हा माझा अनुभव. मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

पण आधी पंचनामा. कोणत्या ड्रमचं मूळचं काय, हे सांगायला आखाडा बाळापूरचा मिस्तरी आणला. दोन्ही मास्तर वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच दुरुस्ती करून घ्यायचे. पंचांसमोर त्यानं औंढ्याचा ड्रम खोलला. "भांडं निजामाच्या काळातलं. जाड पितळ, सांधा हातानं डाक लावून झाळलेला. हे दोन स्क्रू मूळचे, आटे झिजलेत बघा. कडं मात्र कुरुंद्याचं. आन् खालच्या तारा ह्याच्या त्याला गेल्यात."

आमचे हवालदार भराभर लिहीत होते. माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. कुरुंद्याचा ड्रम अजून पिशवीतच होता.

"मिस्तरी, पिशवी न सोडता कसं कळलं?"

त्यानं तांब्याभर पाणी पिऊन टाकलं. "मीच बसवल्या, साहेब. लग्नसराईत दोघांचे ड्रम एकाच टायमाला येतात. ज्याची वरात उद्या, त्याला चांगला पार्ट. मंग परवा दुसऱ्याची वरात, त्याला ह्याचा. वीस वर्षं हेच करून राहिलो. लग्न थांबतं का?"

मी त्याला ठाण्यातच बसवून ज्याचं त्याला परत जोडायला लावलं. दुपारी औंढ्याच्या मास्तरांनी काड्या हातात घेतल्या. थोडं वाजवलं, थांबले, परत वाजवलं.

"साहेब, ह्यो माझा न्हाई."

कुरुंद्याचे मास्तरही म्हणाले, "माझाबी न्हाई. व्हतं तसंच करा."

मिस्तरीनं कपाळावर हात मारला आणि पुन्हा पाना उचलला. फक्त पोचा आलेलं कडं औंढ्याला राहिलं. गुन्हा दाखल झालाच नाही. तेव्हापासून कुणी 'ही वस्तू माझीच' म्हटलं की मी आधी विचारायचो, दुरुस्तीला कुठं टाकता? आमच्या जीपचीही तीच गत असणार, म्हणून तिकडं मी कधी खोलात गेलो नाही.

जाताना औंढ्याचे मास्तर कुरुंद्याच्या मास्तरांपुढं हात जोडून उभे राहिले. "चुकलो, मास्तर. लेकीच्या लग्नात माझा बँड येईल. तुमी वाजवायचं न्हाई, नुसतं बाप म्हणून चालायचं."

मीही त्या लग्नाला गेलो. एका भल्या माणसाला मी जवळजवळ चोर ठरवलं होतं, ते मनात सलत होतं. बँडच्या पुढं कुरुंद्याचे मास्तर कोऱ्या धोतरात चालत होते. जन्मभर दुसऱ्यांच्या वराती वाजवल्यामुळं रिकाम्या हातांचं काय करायचं, ते त्यांना कळत नव्हतं.