दाजी आणि इंटरव्हलनंतरचा पिक्चर

जगातली प्रत्येक पोकळ वस्तू ही मुळात स्पीकरची पेटीच असते, माणसं उगाच तिच्यात पाणी नाहीतर धान्य भरून ठेवतात, असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका आमच्याच घरचा जावई निघाला. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. दौंड तालुक्यात खुटबावला त्यांचा थोडा ऊस, थोडा झेंडू आणि दोन म्हशी. या वेडाचं मूळ त्या म्हशींत होतं. लग्नानंतर दाजींनी आक्काला हौसेनं मोटारसायकलवर बसवून दौंडला तीनचा खेळ दाखवायला नेलं. मध्यांतर झालं आणि त्यांना धारेची वेळ आठवली. दोघं उठून आली. पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. दहा वर्षांत आक्कानं कितीतरी पिक्चर पाहिले, पण सगळे अर्धे. एकाही नायिकेचं शेवटी काय झालं ते तिला कळलं नाही. हे दाजींच्या मनाला फार लागलं होतं. "पाव्हणं," ते मला म्हणाले, "घरातच टॉकीज करतो बगा. तुमच्या बहिणीला इंटरव्हलनंतरचा पिच्चर दावला की मग मी मोकळा."

मग एका दसऱ्याला झेंडूनं साथ दिली आणि घरात मोठा रंगीत टीव्ही, सीडी प्लेअर, एक अँप्लिफायर आणि पाच उघडे स्पीकर आले. पेट्या मात्र दाजींनी विकत घेतल्या नाहीत. मला घेऊन ते दौंडच्या बाजारात कुंभाराकडे गेले. लोक माठ बोटानं वाजवून बघतात, दाजी प्रत्येक माठात तोंड घालून "हॅलो, हॅलो" म्हणायला लागले. कुंभार घाबरून म्हणाला, "मालक, पाणी थंड ऱ्हातंय, काळजी करू नगा." दाजी माठातूनच म्हणाले, "पाणी न्हाई भरायचं, आवाज भरायचाय!" चार माठ घेतले. पाचवा स्पीकर, तो ढोलासारखा घुमणारा, त्यांनी थेट ज्वारीच्या कणगीत बसवला.

कणगीची अडचण अशी, की ती भरलेली असताना आवाज दबका यायचा आणि ज्वारी जसजशी कमी होईल तसतसा घुमायचा. त्यामुळे सुगीनंतर दाजींचा चेहरा उतरलेला असे आणि आखाडात ते खुशीत असत. मधल्या काळात त्यांच्याकडे जेवायला जाणं म्हणजे संकट होतं. पाचवी भाकरी पानात टाकत ते म्हणायचे, "घ्या पाव्हणं, लाजू नगा. कणगी मोकळी व्हाया पायजे." आक्का चुलीपुढून ओरडायची, "भाकरी मी थापतीया, आन् ह्यांचा बाजा सुधारतोय!"

पाचही आवाज जिथं येऊन मिळतात ती जागा दाजींनी सुतळीनं मोजून काढली होती. तिथं गेरूची फुली मारून वर पाट ठेवला. त्याचं नाव पॉईंट. पॉईंटावर एका वेळी एकच माणूस मावायचा, त्यामुळे अख्खी आळी पाळीनं बसायला येई. शेजारचे आप्पा पहिल्यांदा बसले तेव्हा पडद्यावरचे घोडे त्यांच्या मागच्या माठातून दौडत आले. आप्पा चटकन उठून भिंतीला चिकटले आणि म्हणाले, "जाऊ द्या आदी त्यास्नी." भारनियमन सुरू झालं की दाजी ट्रॅक्टर खिडकीशी लावून त्याच्या बॅटरीवर सगळं चालवायचे. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिनही चालू ठेवायचे. मी तक्रार केली तर म्हणाले, "पिच्चरमदी ट्रॅक्टर हाय असं समजायचं."

या सगळ्यात आक्का कुठं होती? स्वयंपाकघरात. आळीभर माणसं आली म्हणजे आळीभर चहा आला. टॉकीज जिच्यासाठी झालं, तिलाच पाटावर टेकायला मिळेना. दाजी रोज म्हणत, "उद्या नक्की." असं दीड वर्ष गेलं. तोवर सुगी येऊन गेली आणि कणगी पुन्हा मोकळी व्हायला आली.

शेवटी एका रविवारी मला आमच्या गावी, केंदूरला, दाजींचं तातडीचं बोलावणं आलं. पोचलो तर दाजींनी माझ्या हातात चरवी दिली. "आज धार तुमी काढायची. दुपारी कडी लावणार. आळीला सांगितलंय, मशीन बिगाडलंय." चहासुद्धा त्यांनी स्वतः केला. तो कसा झाला होता ते सांगत नाही. पिक्चर त्यांनी मुद्दाम तोच आणला होता, लग्नानंतर पहिला अर्धा पाहिलेला. आक्का नवं लुगडं नेसून, जरा लाजतच पॉईंटावर बसली. मी गोठ्यात गेलो. भिंतीपलीकडून मारामाऱ्या, गाणी, कणगीचा घुमारा, सगळं ऐकू येत होतं. आणि एकदम शांत झालं.

मी चरवी घेऊन धावत आत आलो. पडद्यावर नायिका तोंड उघडून थिजली होती. आक्का पाटावरच, कणगीला डोकं टेकून गाढ झोपली होती. आणि दाजी, ज्यांनी जन्मात कधी आवाज कमी केला नव्हता, ते रिमोट छातीशी धरून, ओठांवर बोट ठेवून बसले होते.

"इंटरव्हल झाला आन् डोळा लागला तिचा," ते कुजबुजले. "लग्न झाल्यापास्नं दुपारची झोपल्याली कवा बघितली न्हाई मी."

"तुम्ही बघा की मग पुढचं."

"तिच्याबिगार कसा बघू? तिचा हाय त्यो."

इतक्यात म्हैस हंबरली, तर दाजी तिला गप्प करायला चवड्यांवर पळाले. परत आले तोवर वीज गेली, पंखा थांबला. ट्रॅक्टर काही त्यांनी लावला नाही. सीडीचं खोकं घेऊन ते तासभर आक्काला वारा घालत बसले. मला त्या दिवशी दाजी फार आवडले.

आता खुटबावला ज्याच्या त्याच्या हातात आपापला पडदा आहे. कणगी मोडली, माठांत तुळशी लावल्यात. दाजी अजून म्हणतात, "तेवढा अर्धा पिच्चर ऱ्हायलाय, पाव्हणं. एक दिवस दावणार तिला."

मध्ये एकदा ते मळ्यात गेलेले असताना मी आक्काला त्या पिक्चरचा शेवट सांगायला लागलो. तिनं मला थांबवलं.

"ठाव हाय मला. दीड वरीस स्वयंपाकघरातनं सगळे पिच्चर ऐकलेत मी. ह्ये मळ्यात असताना आळीतल्या पोरांनी त्योबी दोनदा लावला हुता." ती दाराकडं बघत हळूच म्हणाली, "पर ह्यांना नगं सांगू हां."