चिकटवलेला डबा

"सर, काहून एवढं ताणून राहिले? फोटोत डबा दिसून राहिला ना? लिहून टाका," तलावांचे ठेके पाहणारे साकोलीचे अधिकारी म्हणाले.

दिसतं तेच लिहायचं होतं, तर मला कशाला बोलावलं? फोटोत फेरफार झालाय का हे तपासणं, हाच माझा धंदा. समोरच्या फोटोत सानगडीकडच्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष रेखाबाई डोंग्यात उभ्या होत्या. हातात कीटकनाशकाचा डबा. विष टाकून मासे मारतात, अशी तक्रार एका ठेकेदाराची. तलाव त्यालाच हवा होता. फोटो खरा ठरला की संस्थेचा ठेका रद्द, तिथल्या ढिवर मच्छीमारांच्या चुली बंद.

रेखाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. "माह्या हातात जाळं होतं, साहेब. ज्या पान्यावर पोट भरतो, त्यात जहर कायले टाकू?"

मोबाइल फोटो साठवताना त्याचे बारीक चौकोन पाडतो आणि प्रत्येकातला थोडा तपशील गाळतो. म्हणजे फाइल लहान होते. हे कॉम्प्रेशन. दुसऱ्या फोटोतून आणलेल्या तुकड्याचे चौकोन आधीच पडलेले असतात. ते नव्या चौकोनांशी सहसा जुळत नाहीत. पण व्हॉट्सॲपवर फोटो पुन्हा कॉम्प्रेस होतो आणि या खुणा पुसट होतात. ऑफिसने तर व्हॉट्सॲपच्या फोटोची प्रिंट काढून तिचा मोबाइलवर फोटो घेतला होता!

"ओरिजिनल फाइल कुठाय?"

"हाच ओरिजिनल, सर. ग्रुपवर आला होता."

माझं डोकंच फिरलं. एवढ्यावर हे लोकांचं पोट मारायला निघाले होते.

बाहेर आलो तर रेखाबाई म्हणाल्या, "सानगडीच्या बजारात त्या ठेकेदारानं मोठा फ्लेक्स लावला हाय. त्यात बी हाच फोटो."

फ्लेक्सवाले व्हॉट्सॲपचा फोटो शक्यतो घेत नाहीत. मोठा केला की फाटतो, अंधुक दिसतो. म्हणजे ठेकेदाराने त्यांना पूर्ण फाइल दिली असणार. फ्लेक्सच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव होतंच. अधिकाऱ्यांकडून भांडून पत्र घेतलं आणि दुकानातून फाइल आणली. फोटोभर चौकोनांची जाळी सरळ, फक्त डब्याभोवती सरकलेली. डबा नंतर चिकटवलेला आहे, असा रिपोर्ट दिला. ठेका वाचला.

पुढच्या बाजारच्या दिवशी सानगडीला गेलो, तर रेखाबाई त्याच फ्लेक्सखाली टोपली घेऊन बसलेल्या. गिऱ्हाइकं वर बघून पुढे जात होती. मी तिथूनच अधिकाऱ्यांना फोन लावला.

"सर, फ्लेक्स ग्रामपंचायतीचा विषय हाय."

"विषय गेला खड्ड्यात! माणूस पाठवा, नाहीतर मी चढतो शिडीवर!" सगळा बाजार वळून बघायला लागला.

फ्लेक्स उतरला. रेखाबाई म्हणाल्या, "हा उतरवला साहेब, पन लोकाइच्या मोबाइलमंदला कोन उतरवन?"

तेव्हापासून रिपोर्टच्या शेवटी एक ओळ घालतो: खोटा फोटो जिथे जिथे गेला, तिथे हा निष्कर्षही पाठवावा. आजवर एकाही ऑफिसने तो पाठवलेला नाही.