कंसात राहिलेलं नाव

आज पडद्यावर पाण्याच्या लागोपाठ दोन तक्रारींना एकच नाव दिसलं आणि माझं डोकं फिरलं. पर्ल या संगणकभाषेतला हा प्रोग्राम माझाच. मजकुरात ठरलेला नमुना सापडला, की कंसात बसणारं नाव तो उचलून ठेवतो. पण नमुना जुळलाच नाही, तर ती जागा रिकामी होत नाही. मागच्याचंच नाव तिथे ठाण मांडून बसतं. जुळलं का, हे आधी विचारायचं असतं. मी विचारलं नव्हतं. एका बाईंनी तक्रार आपल्या पद्धतीने लिहिली, नमुना जुळला नाही, आणि त्यांचा नळ कोरडाच ठेवून प्लंबर आधीच्या गृहस्थांकडे पुन्हा जाऊन आला.

"अरे, सापडलं नाही म्हणायला काय जातं तुझं?" मी यंत्रावर खेकसलो, आणि परवाचं माझंच बोलणं आठवलं.

परवा सासरहून फोनवर लेक म्हणाली, "बाबा, मला या घरात नाही राहायचं. तिकडे येऊ?" मी म्हणालो, "हो हो, आई बरी आहे. तू वेळेवर जेवत जा." 'आई कशी आहे?' या तिच्या दर रविवारच्या प्रश्नाचं ते उत्तर. ती "बरं" म्हणाली.

ऐकू आलं होतं मला. आज लिहूनच टाकतो. नको ते कानावर आलं, म्हणून मागचंच उत्तर पुढे केलं. संताप येतो स्वतःचा.

प्रोग्राम एका ओळीत दुरुस्त झाला. मग फोन लावला.

"परवा तू विचारलंस, आणि मी भलतंच बोललो."

ती म्हणाली, "परवा नाही, बाबा. दिवाळीपासून विचारतेय."