ओल्या मातीत सुकलेला लिसिअँथस

भर दुपारी लिसिअँथसची रोपं माना टाकून उभी होती आणि वाफ्यातली माती चांगली ओली होती. मी बोट खुपसून दोनदा पाहिलं. पाणी असून झाड सुकतंय म्हणजे दुखणं मुळात आहे.

वंदना शेजारी काळजीनं उभी होती. ती नर्स. शहर कडेच्या सातारा परिसराकडे पसरलं तेव्हा तिनं तिथं घर बांधलं. बंगले आले, दुकानं आली, नळ काही आले नाहीत. सगळी कॉलनी टँकरवर. त्यात दुष्काळाचं वर्ष. अशा जागी हे फूल म्हणजे हौसेला मोल नाही, हे मी तिला आधीच ऐकवलं होतं. पण मार्चमध्ये मुलीचा साखरपुडा अंगणातच व्हायचा होता, आणि फुलं घरच्या वाफ्यातली असतील, असं ती व्याह्यांना सांगून बसली होती. मी गार्डन कन्सल्टंट. लोकांच्या हौसेवरच माझं पोट, त्यामुळे फार ताणलं नाही.

लिसिअँथस दिसतो गुलाबासारखा, पण काटे नाहीत आणि फुलदाणीत बरेच दिवस टिकतो. बी धुळीइतकं बारीक, म्हणून आम्ही ट्रेमधली तयार रोपं आणतो. थोडी तहान त्याला चालते, पायाशी साचलेलं पाणी चालत नाही. मी एक रोप उपटलं. मुळं पांढरी हवीत, ती तपकिरी होती आणि चिमटीत धरताच साल सुटून आली. मूळकूज.

"पाणी कोण देतं?"

"ठिबकच देतं, मॅडम. टायमर तुम्हीच लावलाय."

टायमर बरोबर होता. नळी कुठं फुटलेली नव्हती. वरून कुणी पाणी घालतं का, विचारलं, तर घरात सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मला रागच आला. झाड खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, असं माझं जुनं मत. इथं मात्र कुणीच खोटं बोलत नव्हतं.

जादा पाणी घरात असणार ते टँकरच्याच दिवशी, म्हणून त्या सकाळी मी न सांगता जाऊन थडकले. वंदनाचे सासरे रामराव हौदात उरलेलं पाणी बादलीनं उपसून वाफ्यात ओतत होते. खुलताबादकडच्या मेंढपाळ घरातला हा माणूस, सुनेच्या फुलांवर त्यांचा फार जीव. मी विचारलं तर सहज म्हणाले, "टँकर येतोय ना. नव्या पाण्यात शिळं मिसळायचं नाय. दुष्काळात फेकायचं कशाला, झाडाला घातलं."

यात नवल काहीच नाही. ताजं पाणी आलं की शिळं झाडाला, हे आमच्या अर्ध्या शहराचं वळण आहे, माझ्याही घरात तेच. त्यांच्या लेखी ते हौद धुणं होतं. झाडांना पाणी घालणं नव्हतंच, मग सांगणार काय?

वंदना बाहेर आली आणि तिनं पाहिलं. सासऱ्यांना ती कशी बोलणार? मग मीच एक निरोगी मूळ आणि एक कुजलेलं त्यांच्या हातावर ठेवलं. "बाबा, पाणी जास्त झालंय यांना."

ते बादली पालथी घालून तिच्यावर बसले. "पाण्यावाचून मेंढरं मेलेली लई पाहिली म्या. पाण्यानं मेलेलं आज पाहिलं."

मला वाईट वाटलं. पण सांगणं भागच होतं.

रोगट रोपं काढली. उरलेल्यांच्या मुळाशी बुरशीनाशक ओतलं, त्याला आम्ही आळवणी म्हणतो. माती वाळेपर्यंत ठिबक बंद. शिळं पाणी कंपाउंडजवळच्या सीताफळाला. नवी रोपं लावून उपयोग नव्हता, ती मार्चपर्यंत फुलली नसती.

निम्मा वाफा वाचला. साखरपुड्याला स्टेजचं बाजारच्या झेंडू-निशिगंधावर भागवलं. लिसिअँथस फक्त नवरा-नवरीपुढच्या टेबलावर, पण काय देखणा दिसत होता! विहीणबाईंनी एवढाच का, असं विचारलं. वंदना म्हणाली, यंदा हवा मानवली नाही.

रामराव मागेच होते. पुढे होऊन म्हणाले, "हवेचं नाव नका घेऊ. निम्मी म्या मारली. सून चार माणसांत माझं नाव घेत नाय, म्हणून सांगतो."

वंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामा, चला, पान वाढलंय," एवढंच ती म्हणाली.

हल्ली नवं काम घेताना पाणी किती येतं, हे मी नंतर विचारते. उरलेलं कुठं जातं, ते आधी. आणि तेही घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला.