आप्पांचं हॉलमधलं विमान

लग्नाला कुठेही गेले की आप्पा आधी छताकडे बघत. बाकीचे लोक पंगत कुठे बसली आहे ते शोधत असायचे आणि आप्पा मान वर करून पंखे किती खाली आहेत, झुंबर मध्ये येतंय का, ते पाहत. दौंडजवळच्या माझ्या मंगल कार्यालयातही ते असेच उभे होते. मग म्हणाले, "हितं विमान वळंल. लग्नं नसतील तवा हॉल देशील का?"

आप्पा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले. रिमोटच्या विमानांचा नाद त्यांना उतारवयात लागला. पहिलं मोठं विमान त्यांनी शेतात उडवलं. तिथे तीन बाजूंना ऊस आणि चौथीकडे विजेच्या तारा. विमान उसात गेलं ते तोडणीलाच सापडलं, उंदरांनी पंख कुरतडलेलं. त्यानंतर त्यांनी मोठ्या विमानाचं नाव काढलं नाही. पातळ थर्माकोल कापून त्यांनी दोन वितींचं, माणूस चालतो तेवढ्याच वेगाने उडणारं विमान बनवलं.

सोमवारी दुपारी हॉलचे पंखे बंद करून आम्ही दोघं घामाने भिजत उभे असायचो. मलाही त्यांनीच शिकवलं. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं. तिथे माझा हात अडखळायचा, मी घाबरून जोरात वळवायचो आणि विमान खुर्च्यांवर आदळायचं. आप्पा चिकटपट्टीने पंख जोडत म्हणायचे, "जागा कमी हाय म्हणून घाई करतूस. जागा कमी हाय म्हणूनच हळू घ्यायचं."

माझ्या चुकांवर ते कधी रागावले नाहीत. स्वतःचं चुकलं की मात्र चिडत. गेल्या वर्षी त्यांचं विमान सारखं डाव्या भिंतीला धडकू लागलं. आधी त्यांनी मोटरला दोष दिला, मग खिडक्यांतून येणाऱ्या वाऱ्याला. मी खिडक्या लावून घेतल्या. विमान पुन्हा भिंतीवरच गेलं.

"आप्पा, भिंत दिसली न्हाई का तुम्हाला?"

ते रिमोट धरून तसेच उभे राहिले. "विमानच दिसंना झालंय," ते म्हणाले. "डावीकडं गेलं की नाहीसंच हुतं."

पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली औषधाच्या थेंबांवर टिकवायची होती. घरी आप्पा एकटेच, म्हणून लेकीने त्यांना कोल्हापूरला न्यायचं ठरवलं. जाण्याआधीच्या सोमवारी ते हॉलमध्ये आले आणि विमानाची पिशवी माझ्या हातात दिली.

"तू उडव. मी हाय मागं."

त्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. विमान डावीकडे गेलं की त्यांची बोटं घट्ट व्हायची, उजवीकडे येऊन दिसलं की सैल पडायची. कुठेही न लागता विमान स्टेजसमोर टेकलं.

"उतरलं, आप्पा."

"व्हय," ते म्हणाले. हात मात्र त्यांनी बराच वेळ काढला नाही.