हार नसलेलं विमान

पुण्याजवळ निगडीत आमच्या मागच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ बंगल्याच्या पार्किंगमध्ये विमान बांधतात. दोन सीटचं, खरंखुरं. जन्मभर त्यांनी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे पार्ट तपासले. रोज संध्याकाळी पंखाचे पत्रे जोडायला रिवेट मारतात आणि सकाळी, परक्याचं काम असावं तसं, तेच तपासतात. शंका आली की लाल खूण करून रिवेट काढून टाकतात.

दसऱ्याला त्यांच्या ड्रिल मशीनला झेंडूचा हार होता, विमानाला नव्हता. मी कारण विचारलं.

"अजून पास केलं नाही, राव. कंपनीत माझ्या हातून सुटलेला पार्ट कुणाच्या गाडीत गेला, कळायचं नाही. यात शेजारी बायको बसणार आहे."

घरी आलो. माझ्या स्कूटरला मी सकाळीच हार घातला होता. तिचे ब्रेक महिनाभर नीट लागत नव्हते.