दोन पातींच्या मैदानाचा दारोगा

मामांच्या मरणाची बातमी नथूने आणली. धारच्या छापखान्यात मी शाईने बरबटलेल्या हातांनी खिळे जुळवत होतो आणि दारात हा देवासचा माळी येऊन उभा राहिला, डोक्याला फडके, ते रक्ताने वाळून कडक झालेले. "भिया, दरोगाजी नी रिया," एवढे बोलून तो उंबऱ्यावरच बसला. कशाने, असे मी विचारले. "फावड़ो लाग्यो... माथा में." कुणाचे फावडे, असे विचारले तेव्हा त्याने मान फिरवली.

त्याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाविषयी गोड लिहावे असे मला वडीलधारे सांगतात. मामा गोड नव्हते. त्यांचा हात आधी उठे, शब्द मागून येई. आमचे पूर्वज दरबारच्या घोडदळाबरोबर साताऱ्याकडून माळव्यात आले. घोडी गेली, तलवारी भिंतीवर चढल्या, आणि तालमीत वाढलेल्या या माणसाच्या वाट्याला काय आले, तर गोल्फच्या मैदानाची दारोगागिरी! देवास गाव एक आणि राज्ये दोन, त्यांनाच आम्ही पाती म्हणतो, हे वाचकांना ठाऊकच आहे. रस्त्याची ही बाजू एका पातीची, ती बाजू दुसरीची. मैदानाचेही तसेच अर्धे अर्धे तुकडे, दोन्हींकडचे माळी वेगळे, आणि एकमेकांचे वैरी.

आमच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात हिरवळ टिकत नाही. म्हणून ज्या भोकात चेंडू घालायचा त्याभोवती तेलात कालवलेली वाळू दाबून गोल चकती करतात. पहिल्या वर्षी मामांनी दरबारची इज्जत म्हणून घाण्यावरचे उत्तम तिळाचे तेल ओतले. पाहुणे आले त्या सकाळी चकत्यांवर मुंग्यांचे थर चढले होते. गोऱ्या साहेबाने चारचौघांत खेळायची काठी मामांच्या खांद्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज लोकांनी ऐकला. मामा खाली बसले नाहीत. "मार लिया न, साहेब? अब सिखाओ," असे ते म्हणाले.

साहेब हसला, आणि त्या हसण्यातूनच मामांना दर हिवाळ्यात महूच्या छावणीतल्या मैदानावर धाडायचे ठरले. मिशा पिकू लागलेला माणूस तिथे पोरसवदा माळ्यांच्या रांगेत बसून शिके. भेगा मुरमाने कशा भरायच्या, कोणते तेल मुंगीला नको असते, रूळ कधी फिरवायचा. चुकले की तिथेही छडी होती. दर वर्षी ते सुजलेली बोटे घेऊन परतत आणि पुढच्या वर्षी पुन्हा जात. "अरे, ही माती दर साली नव्या जागी फाटते. एकदा शिकून कसं भागेल?" असे म्हणत.

मला ते सहन होत नव्हते. एका दिवाळीला मी साहेबांविरुद्ध नुकतीच छापलेली पत्रके घेऊन देवासला गेलो आणि पानावर बसल्या बसल्या बोललो, "मामा, ज्या काठीनं तुमचा खांदा मोडला, तिच्यासाठी जमीन सपाट करता? नांगर घाला त्या मैदानावर!" कानाखाली असा जाळ निघाला की हातातला घास उडाला. मामी आतून धावल्या. "जेवत्या पोराला मारता? हात झडो तुमचा!"

"पोराला कुठं मारलं? त्याच्या पत्रकाला मारलं," मामा म्हणाले. मग पाणी पिऊन, "तुझा नांगर उद्या फिरेलही. मग या माळ्यांना पुढं काय येतं, सांग. घोडी गेली तेव्हा आमच्या बापाला दुसरं काही येत नव्हतं. त्याचे हाल मी पाहिलेत घरात."

त्या हट्टापायी त्यांनी रुळाच्या छपराखाली रविवारची शाळा काढली, आणि तिच्यात दोन्ही पातींचे माळी बसवले. इथेच ठिणगी पडली. दरबारच्या एका कारभाऱ्यांनी, म्हणजे कामदारांनी, त्यांना बोलावून दटावले, "आपली विद्या पलीकडच्यांना देता?" ते कामदार कोणत्या पातीचे, हे मी लिहीत नाही, लिहिले तर दुसऱ्या पातीचे हसतील, आणि तो हक्क त्यांनाही नाही. मामांनी उलट विचारले, "सरकार, भेग काय पाती विचारून पडते?"

मग पुन्हा पाहुणे यायचे झाले. कुणाची बाजू साहेबाला आवडते, याची दोन्हींकडे ईर्षा पेटली. त्या रविवारी शाळा भरली तेव्हा पलीकडची एक चकती कुदळीने उखडलेली सापडली. पलीकडचा मुख्य माळी हिरालाल आमच्या नथूवर धावला, "चोर की औलाद!" नथूनेही सोडले नाही, आळ झटकत ओरडला, "थारी जमीन पे तो काँटा भी नी ऊगे, म्हारे माथे मढ़े!" पहिले फावडे नथूच्या डोक्यात बसले. मग खोरी, कुदळी, रुळाचा दांडा, हाताला लागेल ते. गुडघ्याला गुडघा लावून शिकणारी माणसे एकमेकांची हाडे फोडू लागली. मामा मधे घुसले, दोघांच्या मानगुटी धरून त्यांनी त्यांची डोकी एकमेकांवर आपटली, आणि मागून कुणाचे तरी फावडे त्यांच्या कानशिलात उतरले. आमचे म्हणतात त्यांचे, ते म्हणतात आमचे. मामा तिथेच गेले.

मी विचारतो, कशासाठी? यांच्यातल्या एकालाही त्या चेंडूला काठी लावायची परवानगी नाही. गावाची गुरे जिथून हाकलली, त्या जमिनीवरच्या एका चकतीच्या मानासाठी रक्त सांडले, आणि ज्यांचा मान होता ते दोन्ही दरबारांतले लोक त्या दिवशी छत्रीखाली सावलीत बसले होते! त्यानंतर दोन्ही पातींचे प्रथमच एकमत झाले. शाळा बंद. जमतील त्यांना लाठी.

मामांचे दिवस झाले आणि पुढच्या रविवारी नथू मला टेकडीमागच्या ओसाड जागेत घेऊन गेला. तिथे या लोकांनी स्वतःची एक चकती दाबली होती. हिरालाल आला होता, हात गळ्यात बांधलेला. नथूशी तो बोलला नाही. भर दुपारी दोन्हींकडचे माळी त्या तापल्या वाळूवर अनवाणी, डोळे मिटून उभे राहिले. ही मामांची रीत. जमीन कुठे पोकळ आहे ते तळव्याने ओळखायचे, आणि डोळे उघडले की मुस्काटात.

"कठे पोली है?" नथूने विचारले.

"थारा माथा में," हिरालाल म्हणाला. दोन-चार जण हसले. मग तोच डावी टाच दाबत हळू आवाजात, "...डाबी एड़ी का नीचे."

"हाँ. म्हारे भी लाग्यो," नथू म्हणाला.

तेवढ्यात टेकडीवरून लाठी घेतलेला शिपाई उतरताना मला दिसला. मी ओरडलो. एकानेही डोळे उघडले नाहीत. शिपाई चकतीच्या काठाशी येऊन थांबला, आणि हिरालाल डोळे मिटूनच म्हणाला,

"सिपाईजी, आणो होय तो जूता उतार के आवजो."

शिपायाने जोडे काढले नाहीत. पण लाठीही उचलली नाही.